भाचीले ऊन लागल्याबद्दल मामाचा जबाब

दारव्हा,
ता. १९ मे २००६, सकाळचे साडेसहा (म्हणजे अजून सावली आहे तोवर)

ती. सौ. सत्यभामाताईस,
धाकट्या नागोरावचा सप्रेम जयभीम.

पत्र लिहायले कारण आहे, पण पहिल्याच ओळीत ते सांगायची माझी छाती नाही, म्हणून रीतीप्रमाणे आधी तुमची सर्वांची चौकशी करतो. केळापूरकडे ऊन कसं आहे? तुझ्या पाठीवरच्या घामोळ्या बसल्या का? धम्मरत्नभाऊजींच्या गुडघ्यासाठी मी दिवाळीत जो व्यायाम दाखवला होता तो ते करून राह्यले का? करत असतील तर आजपासून बंद करायले सांग. काहून, ते पुढं वाचल्यावर समजेल. इकडं आम्ही सर्व ठीक आहोत. हे वाक्य मी मागच्या पोस्टकार्डातही लिहिलं होतं. तेव्हा ते साफ खोटं होतं, आता अर्धंमुर्धं खरं आहे. अक्षर वाकडं आलं तर राग मानू नको, मी पोटावर झोपून लिहून राह्यलो. छातीखाली उशी आहे, उशीपुढं शाळेचं हजेरीपुस्तक आहे आन् त्याच्यावर हा कागद. बसता येत नाही, उठता येत नाही. वीस वर्षं तालुक्याले कवायत शिकवणारा माणूस आठ दिवसांपासून जमीन पाहून राह्यला आहे.

आता मुद्द्याले येतो. (येत नाही, थोडं मागं जातो. मागं गेल्याशिवाय तुले माझा गुन्हा पुरता दिसणार नाही.) एक एप्रिलले तू दीपाले माझ्याकडं आणून सोडलं, जीपमधून उतरल्या उतरल्या म्हणाली, "नागो, माह्या पोट्टीले पोलीस कर." मागं भाऊजी उभे होते. ते माझ्याकडं न पाहता म्हणाले, "ही एक भरती. नाही लागली तं दिवाळीच्या आत लगन." पाहुणे पाहूनच ठेवले आहेत, असंही म्हणाले. दीपानं तेव्हा माझ्याकडं असं पाह्यलं की मी तिथंच जीपच्या धुरात छातीवर हात ठेवून सांगून बसलो, भाऊजी, पोट्टी लागलीच समजा. कोणाच्या भरवशावर सांगितलं? माझ्या. ताई, तू मले लहानपणापासून ओळखते, तू तरी तेव्हा अडवायचं होतं.

पण तुले हेही सांगितलं पाहिजे की या दोन-चार वर्षांत मी बिघडलो. कापसानं आपल्याकडं जे करून ठेवलं त्याच्यावर कागद खराब करत नाही. त्याच्यापायी झालं असं की ज्या पोरांनी वावरात जायचं ती सारी मैदानावर आली. पहाटे पाच वाजता आमच्या शाळेच्या ग्राउंडवर साठ-साठ पोरं भरतीसाठी पळतात. आधी पी.टी. मास्तर म्हणजे काय, तर पंधरा ऑगस्टले झेंड्याची दोरी पाहणारा आन् परीक्षेत बाकडी हलवणारा माणूस. आता पोरांचे बाप मले टपरीवर बोलावून चहा पाजतात. गणिताच्या मास्तरले कोणी विचारत नाही. माणसाले एवढा चहा पचत नाही वं, डोक्यात जाते. त्यातून मागच्या वर्षी मी स्वतःच्या हातानं एक तक्ता रंगवला: 'मैदानावरील इजा व ऊन लागणे : ओळख, उपचार व काळजी.' लचक भरली तर काय, गोळा आला तर काय, ऊन लागलं तर काय, सर्व लक्षणं नंबर टाकून. खाली तांबड्या रंगात माझं नाव, ते जरा मोठं. त्याच्या प्रती मी बारा शाळांत, दोन व्यायामशाळांत आन् इथल्या दवाखान्यात स्वतः सायकलवर नेऊन लावल्या. तो तक्ता ध्यानात ठेव.

दीपा पळायले चांगली आहे, यात शंका नाही. शंका माझ्या डोक्याबद्दल आहे. मी असा हिशेब मांडला की भरतीच्या दिवशी यवतमाळले हजारोंची रांग असते, नंबर लागता लागता अकरा-बारा वाजतात, म्हणजे पोट्टीले उन्हात पळायची सवय पाहिजे. सवय लावायची तर हळूहळू लावतात, रोज थोडी थोडी, दहा-बारा दिवस, मधे पाणी पाजत. (हे माझ्याच तक्त्यात आहे.) मी ती एका दिवसात लावायले निघालो. काहून? कारण अकरा मेच्या आदल्या दिवशी मी स्टाफरूममध्ये बोलून बसलो होतो की माझी भाची तीन किलोमीटर साडेबारा मिनिटांत काढते, उद्या अकरा वाजता या आन् डोळ्यानं पाहा. हेडमास्तर म्हणाले, "अकरा वाजता? या उन्हात?" मी म्हटलं, सर, आमच्या घराण्याले ऊन बाधत नाही. तू घराण्यातलीच आहे, तुले माहीत आहे की आपला बाबा सावली सोडून कधी बसला नाही.

तर अकरा मे, अकरा वाजता. पारा चव्वेचाळीसच्या वर. हेडमास्तर छत्री घेऊन बसले, त्यांच्या हाती मी स्टॉपवॉच दिलं. पोट्टी सकाळपासून जराशी गप्प होती, चहा अर्धा ठेवला होता, ते मी पाह्यलं आन् विचारलं नाही. चार फेऱ्या तिनं झकास काढल्या. पाचवीले तिची चाल बिघडली, पाय शेणात पडल्यासारखे पडायले लागले. मी तोंडाकडं पाह्यलं. आता माझ्या तक्त्यात पहिल्या नंबरचं लक्षण आहे: घाम येणे बंद होते. दीपाचा घाम हनुवटीवरून टपकून राह्यला होता. म्हणजे ऊन लागलं नाही. तक्ता पाठ असल्याचा हा फायदा. माझ्यासमोरून जाताना ती म्हणाली, "मामा, म्हशीले पाणी दाखवलं का?" ताई, तुमच्या घरची म्हैस जाऊन तीन वर्षं झाली. आन् दीपानं उभ्या आयुष्यात माझी थट्टा केली नाही, हे मले माहीत होतं. तरी मले वाटलं, हेडमास्तरसमोर पोट्टी माझी मजा घेऊन राह्यली. मी काय म्हणालो ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "म्हशीचं मंग पाहू, तू गुडघा वर घे."

सहाव्या फेरीत ती ओळ सोडून गोलपोस्टकडं गेली, "आलीच, आई," असं म्हणाली, खाली बसली आन् आडवी झाली. मी धावलो. (तीन किलोमीटर मीही त्या दिवशी चांगल्या वेळेत काढले असते.) आन् पोहोचून मी पहिलं काय केलं, सांगू? शिट्टी मारली. कायले मारली, आजपर्यंत समजलं नाही. दुसरं, खिशातून कांदा काढला. होय, कांदा, ऊन लागू नये म्हणून तुझी भावजय उर्वशी रोज टाकते, मी रोज तिले हसतो आन् रोज घेऊन जातो. तो मी पोट्टीच्या नाकाशी धरला. तिसरं, बाटली उघडून तिच्या तोंडात पाणी ओतायले गेलो. आन् चौथं मी लपवू शकलो असतो, कोणाले सांगितलं नसतं तर खपलं असतं: या सगळ्या घाईत मी मान वळवून हेडमास्तरले विचारलं, "सर, किती मिनिटं झाली?"

पोट्टीले वाचवलं ते भुरीबाईनं. भुरीबाई म्हणजे आमच्या ग्राउंडच्या फाटकाशी हातगाडीवर टरबुजं विकते ती तांड्यावरची बाई. तिले माझा तक्ता वाचता येत नाही. तिनं येऊन आधी माझ्या हातावर चापट मारून बाटली पाडली. "बेसुध पोरीच्या तोंडात पानी वतता? छातीत जाईन ना." मग टरबुजांवर झाकलेलं ओलं बारदान ओढून आणलं, पोट्टीले सावलीत ओढलं, बारदान अंगावर टाकलं आन् बादलीभर पाणी डोक्यापासून पायापर्यंत ओतलं. काखेत, मानेले ओले फडके लावले. हेडमास्तरले म्हणाली, छत्री मिटवा आन् वारा घाला. ते छत्रीनंच वारा घालायले लागले. मी घड्याळ हातात घेऊन उभा होतो. (ते माझ्या हाती कधी आलं, ठाऊक नाही.) भुरीबाई माझ्याकडं वळली आन् म्हणाली, "मास्तर, पोरगी भाजून राह्यली आन् तुमी काय पाह्यता?" मी घड्याळ खिशात टाकलं.

मग मले वाटलं, आपणही काही करावं. मी वाकून पोट्टीले दोन्ही हातांवर उचललं. तक्त्यात नंबर अकरा: ओझं उचलताना गुडघे वाकवावे, कंबर नाही. मी कंबर वाकवली. आतून कट् असा आवाज आला आन् मी जसा वाकलो होतो तसाच राह्यलो. पोट्टी हेडमास्तरनं झेलली. टरबुजं फाटकाशी उतरवून तिले ओल्या बारदानासकट हातगाडीवर घातलं, भुरीबाई ढकलायले, हेडमास्तर वाऱ्याले, आन् मागून मी, काटकोनात, जमिनीकडं पाहत. तो आठवडी बाजाराचा दिवस. अख्खा दारव्हा रस्त्यावर. ज्यानं त्यानं विचारलं, मास्तरले काय झालं? एका भल्या माणसानं तर मलेच उचलून गाडीवर ठेवायचा प्रयत्न केला, म्हणे बाईले उतरवा, म्हातारा जास्त सिरियस दिसून राह्यला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई अर्पिता. सात-आठ वर्षांमागं माझ्याच हाताखाली होती, उशिरा आली म्हणून मी तिले दोन फेऱ्या जास्त मारायले लावल्या होत्या. ती सरळ कामाले लागली. ताप एकशे सहा निघाला. बर्फ, पंखे, सलाईन. तासाभरानं दीपानं डोळे उघडले आन् उलटी केली, आन् अर्पिता म्हणाली, आता चिंता नाही, बाईनं जागेवरच थंड केलं म्हणून वाचली. मी भिंतीले टेकून उभा होतो. तिनं मले विचारलं, "सर, थांबवलं काहून नाही?" मी म्हटलं, घाम येऊन राह्यला होता. ती म्हणाली, "पळता पळता ऊन लागलं तर घाम येतच राहते, सर. बरळणं पाह्यचं, पाय लटपटणं पाह्यचं, उगाच चिडणं पाह्यचं. पहिल्या उलट्यासुलट्या बोलण्याले थांबवायचं." आन् मग अगदी हळू म्हणाली, "तुमच्या तक्त्यात बरळणं सातव्या नंबरवर आहे." मी मान वर केली, जेवढी होत होती तेवढी. दीपाच्या खाटेच्या बरोबर डोक्यावर तो टांगलेला होता, माझ्या नावासकट. तिनं मले पेन दिला, दुरुस्त करा म्हणाली. माझा हात पोहोचला नाही. शेवटी तिनंच सातवा खोडून पहिला केला आन् घाम बंद होण्याच्या ओळीसमोर लिहिलं, 'नेहमीच नाही.' मी खाली उभा राहून पेनाचं टोपण धरलं.

दोन दिवसांनी पोट्टी घरी आली. ती ठीक आहे, ताई. खाते, बोलते, सकाळी अंगणात चालते. आता माझ्या कमरेचं ऐक, कारण त्याच्यातही मी शोभा केली. उसण भरली होती. शेक झाला, मलम झाला, बर्फ झाला, उर्वशीचं बोलणं झालं. चौथ्या दिवशी पूनमसिंग, आपला शेजारी, खिडकीतून म्हणाला, मास्तर, घरात पायाळू माणूस असून तुमी पडून काहून राह्यले? मी ओरडलो, माझ्या घरात पायाळू कोणी नाही. तेवढ्यात उर्वशी स्वयंपाकघरातून म्हणाली, दीपा.

तुले आठवते ना, दीपा पायाकडून जन्मली तेव्हाची गोष्ट? बाळंतिणीची खोली सुटली नव्हती आन् गावातले कंबरवाले रांग लावून बसले होते, पोरीचा पाय लावून द्या म्हणून. तेव्हा मी नवा नवा नोकरीले लागलेलो. विहारात पाऊण तास भाषण दिलं, विज्ञान सांगितलं, आन् तुमच्या दारावर स्वतः पाटी लावली: 'येथे लाथ मारून मिळणार नाही.' भाऊजी आठ दिवस माझ्याशी बोलले नव्हते. मी म्हटलं होतं, माझ्या भाचीचे पाय लोकांच्या कमरांसाठी नाहीत, पळण्यासाठी आहेत. वीस वर्षांनी पळायच्या पायांचं मी काय केलं ते तू वर वाचलंच.

तर त्या पाटीवाल्या माणसानं सोमवारी सकाळी उंबऱ्यापाशी पालथं पडून भाचीले म्हटलं, बाई, लाव पाय. तिनं नाहीच म्हटलं. आपल्यात मामा भाचीच्या पाया पडते, भाची मामाले पाय कसा लावेल? मी म्हटलं, पाया पडण्यासारखं मी काही ठेवलं नाही, तू लाव. तीन वेळा टाच लावायची असते म्हणे. पहिली तिनं अशी लावली की लावली का नाही ते समजलं नाही. दुसरी तशीच. तिसरी मात्र, ताई, जोरात बसली. उर्वशी म्हणते पोरीचा तोल गेला. पोरीचा तोल गेला नव्हता. ती लाथ मले अगदी बरोबर वाटली आन् मी डोळे मिटून पडून राह्यलो. कमरेले काडीचा फरक नाही. अर्पिता म्हणते पंधरा दिवसांत आपोआप मोकळी होईल, पुन्हा लाथा खाऊ नका.

असं सर्व आहे. तुम्ही काळजी करू नका. दुपारी बारा ते चार कोणी वावरात जाऊ नका, भाऊजींना डोक्याले दुपट्टा बांधायले सांग, पाणी तहान लागायच्या आधी प्या, कोणी बरळलं तर त्याले हसू नका. जमलं तर येणाऱ्या-जाणाऱ्यासोबत पन्ह्यासाठी दोन-चार किलो कैऱ्या पाठव. बाकी काही मागणं नाही.

तुझा लहान भाऊ,
नागोराव

ता. क. कैऱ्या नाही पाठवल्या तरी चालेल. खरं ते आता लिहितो. अर्पितानं मले दाराबाहेर नेऊन सांगितलं की दीपानं महिनाभर पळायचं नाही, मग सुरू करायचं तेही हळूहळू आन् पहाटे. आत्ता पळाली आन् परत पडली तर उठेलच असं नाही. मी दीपाले सांगितलं, आठ दिवस आराम. तिचं भरतीचं बोलावणं बारा तारखेलेच आलं, ती दवाखान्यात असताना. यवतमाळ, एकोणतीस मे, सकाळी सहापासून. ते मी लपवलं. तिसरी लाथ बसली तेव्हा तिनं मागून विचारलं, "मामा, कॉल लेटर आलं का?" आन् मी जमिनीकडं तोंड करून म्हटलं, नाही. पालथं पडून खोटं बोलणं सोपं जाते, कोणाले तोंड दिसत नाही. ती रोज अकरा वाजता पोस्टमनची वाट पाहत दारात उभी राहते. हे तिले सांगू नको. तिनं पळायचंच म्हटलं तर तिले अडवायले माझ्याजवळ तोंड नाही, म्हणून मी कागद लपवून बसलो.

ता. क. दुसरा. माझं मागणं हे आहे. भाऊजींना सांग, पोट्टीले आणखी एक वर्ष द्या. ही भरती तिची गेली नाही, मी घालवली. जीपमध्ये बसता आलं की मी केळापूरले येतो आन् भाऊजींसमोर, पाहिजे तर त्या पाहुण्यांसमोर, हेच सर्व तोंडानं सांगतो. पाहुणे हसतील, हसू दे. भाऊजींनी मले काही म्हटलं तरी चालेल, फक्त तिच्यावर 'तुह्यानं झालं नाही' असं येऊ देऊ नको. पुढच्या वर्षी ती माझ्याकडं शिकणार नाही म्हणाली तर तेही बरोबरच आहे, अर्पिता पहाटे पळते, तिच्यासोबत पळेल. ताई, मी तुझ्याजवळ आजपर्यंत काही मागितलं नाही.

ता. क. तिसरा. वर मी लिहिलं की दीपाले सांगू नको. ते खोड. आत्ता उर्वशी अंगणवाडीत गेली, माझ्यानं उठवत नाही, म्हणजे हे पत्र पोस्टात टाकायले दीपाच जाईल. मी तिचं कॉल लेटर याच पाकिटात घातलं आहे आन् पाकीट चिकटवलं नाही. ती वाचेल. वाचू दे. समोर पाहून सांगायची हिंमत झाली नाही, एवढीच झाली. तेव्हा तू हे पत्र बाजूले ठेव आन् आधी पाकिटात पाह्य. कॉल लेटर असलं तर पोट्टी माझ्याहून शहाणी निघाली, भाऊजींशी बोलायले बस. नसलं, तर स्वयंपाक तसाच सोड आन् पहिली जीप पकड.